मांजरीची धार

कॅनडातल्या सस्काटूनचं घर सोडून बर्नाबीच्या छोट्याशा कॉन्डोत जायचं होतं, म्हणून आम्ही घरासमोरच्या ड्राइव्हवेवर जुन्या सामानाचा यार्ड सेल मांडला होता. पॅकिंग करून मी इतकी कावले होते, की लग्नात आईनं दिलेला पोळपाटही दोन डॉलरचं स्टिकर लावून टेबलावर ठेवून दिला.

मळकी टोपी घातलेले एक गोरे आजोबा आले. कुठलीही वस्तू उचलली, की ते आधी तिची खालची बाजू बघत. पोळपाट उलटा करून त्यांनी त्याचे तीन पाय न्याहाळले.

"मी शेतावर वाढलोय. धार काढायला बसायचं स्टूल मला कळतं. पण एवढंसं? तुम्ही मांजरीची धार काढता की काय?"

मी हसत सुटले. यावर रोज पोळ्या लाटते, असं सांगितल्यावर त्यांनी मधल्या झिजलेल्या खळग्यावरून अंगठा फिरवला.

"हे विकायचं नाहीये, मॅम. तुम्ही फक्त दमलायत."

मग स्टिकर सोलून त्यांनी स्वतःच्या टोपीला चिकटवलं आणि शीळ घालत ते निघून गेले.

स्टिकरचा डिंक मात्र पोळपाटाच्या कडेला राहिलाय. रोज तिथं पीठ चिकटतं.

"घासून टाक ना एकदा," नवरा म्हणतो.

"दमलेय," मी म्हणते.