वासुदेवभाऊंच्या आठ चकत्या

शकुन-अपशकुन, भुतंखेतं... माझा यावर कधीच विश्वास नव्हता. आजही कुणी विचारलं तर नाही म्हणूनच सांगतो. मी केमिस्ट माणूस. पण ही एक गोष्ट काही केल्या मनातून जात नाही, म्हणून लिहितोय.

ऐंशीनंतरची वर्षं असतील. भंडारा-लाखनी रस्त्यालगतच्या एका खासगी कारखान्याच्या लॅबमध्ये मी होतो. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करणारा एक कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, आम्ही तपासत होतो — तांब्याच्या ऑक्साइडची भुकटी. तिची पातळ चकती दाबायची, काचेसारख्या खिडक्या असलेल्या तापत्या सेलमध्ये, म्हणजे छोट्या बंद कप्प्यात बसवायची, गॅस सोडायचा आणि इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटरने आरपार बघायचं. म्हणजे कॅटॅलिस्ट काम करत असतानाच दिसतो. यंत्राचं पेन कागदावर रेघ काढत राही. रेघ वर चढली की चकती काम करतेय.

चकत्या दाबायचे लॅबमधले मदतनीस वासुदेवभाऊ, कोंढा गावचे. आमच्या हातून चिरायच्या, त्यांच्या हातून कधीच नाही.

त्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "साहेब, छाती जड होऊन राहिली. घरी जाऊ का?"

"तेवढ्या आठ चकत्या करून जा ना भाऊ. परवा रिपोर्ट द्यायचाय."

"बरं... देतो करून."

घामाघूम होत त्यांनी आठ चकत्या केल्या, डबीत ठेवल्या आणि दुपारच्या बसने गेले. मी मान वर करूनही पाहिलं नाही.

पहिली चकती लावली. रेघ वर चढली, स्थिर झाली. आणि सव्वातीनला एकदम खाली... शून्यावर! तापमान तेच, गॅस तसाच चालू. सेल उघडला तर चकती अखंड. सवयीने कागदावर वेळ लिहिली. दुसरी लावली, तिसरी लावली — रेघ हललीच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ दारात उभा.

"दादा गेला साहेब. काल, सव्वातीन वाजता. डॉक्टरनं घड्याळ पाहून सांगतलं."

मग म्हणाला, "इचारत होता... साहेबाचं काम झालं का म्हणून."

तो गेल्यावर मी उरलेल्या पाचही चकत्या लावल्या. एकही चालली नाही. मग त्याच बाटलीतली भुकटी घेऊन स्वतः दाबायला बसलो. तीन चिरल्या. चौथी टिकली, आणि ती लावताच रेघ सरळ वर गेली.

गळती तपासली, यंत्र तपासलं, नागपूरहून माणूस आणून पुन्हा तपासलं. दोष सापडला नाही. इतकी वर्षं झाली, मला अजूनही उलगडा झालेला नाही.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'आठ नमुने निष्क्रिय, कारण समजले नाही.' त्या सकाळी मी त्यांना थांबवून घेतलं होतं, हे लिहायला मात्र त्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.