नाल्याकाठची चांदी

वाईहून निघालो तेव्हा पिशवीत सोनाराची पावती होती आणि डोक्यात राग. भाची सुजाताच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. तिचे वडील ती लहान असतानाच गेले, म्हणून लग्नात द्यायचं-घ्यायचं ते मामा या नात्याने मीच पाहिलं. चांदीचे पैंजण आणि तळहातावर मावेल एवढी चांदीची बुद्धमूर्ती दिली. आता उल्हासनगरहून, तिच्या सासरहून निरोप आला होता की मूर्ती काळी पडली, पैंजणही काळे पडले, चांदी खोटी निघाली. आमच्या घराण्यात थापा मारणारे पुष्कळ होऊन गेले, पण लेकीच्या लग्नात खोटी चांदी देणारा एकही नाही. बहिणीने अन्नपाणी सोडलं, तेव्हा मी कॉलेजात रजेचा अर्ज टाकला.

पुण्याहून कर्जत आणि कर्जतहून दुपारची जवळपास रिकामी गाडी. बदलापूरपर्यंत डोळ्यांना सुख होतं. भातखाचरं, झाडीतून मध्येच दिसणारी उल्हास नदी, लांबवर डोंगरांची रांग. अंबरनाथ आलं तशी धुराडी दिसू लागली आणि डब्यातल्या दोन बायकांनी पदर नाकाला लावले. मी खिडकी लावायला उठलो, तर एक म्हणाली, "राहू द्या भाऊ, काय फरक नाय पडत."

उल्हासनगरला रिक्षा पुलावर अडकली. खाली पाणी जांभळं होतं, वांग्याच्या सालीसारखं, आणि त्यावर फेसाचे गोळे अगदी सावकाश चालले होते.

"हे काय?" मी विचारलं.

"आज जांभळा आहे. परवा हिरवा होता," रिक्षावाला म्हणाला. "जीन्सवाल्यांचा कलर, और ऊपर से कंपनीचं पण येतं."

"नदीचं नाव काय?"

"नदी कुठाय काका? नाला आहे हा."

माझ्याजवळच्या नकाशात तिथे वालधुनी नदी होती. मी नकाशा मिटून ठेवला.

सुजाताचं सासर नाल्याला पाठ लावून बसलेल्या बैठ्या चाळीत होतं. दोनच खोल्या, पण टापटीप. सासरे अण्णा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. "जयभीम मास्तर," म्हणून त्यांनी स्वतः माझी पिशवी घेतली. जावई कामानिमित्त बाहेरगावी होता. सासूबाईंनी चहा टाकला. वास मात्र उंबऱ्यापासून होता, सडक्या अंड्यांचा, आणि तो कुणालाच येत नसावा असं सगळे वागत होते.

फळीवर मूर्ती होती. चेहरा पार काळा झाला होता. काळेपणा गळ्यावरून खांद्यांपर्यंत उतरला होता आणि मांडीवर ठेवलेले हात तेवढे अजून पांढरे होते. मी लगेच नजर काढून घेतली.

"आम्ही काय बोललो नाय हां मास्तर," सासूबाई म्हणाल्या. "पण शेजारीपाजारी विचारतात ना."

सुजाता पाणी घेऊन आली. तिला चौथा महिना होता. भांडं माझ्या हातात देईपर्यंत ती तीनदा खोकली.

जेवताना सासूबाईंनी अभिमानाने सांगितलं की, त्यांच्याकडे डास अजिबात नाहीत. मीही निरखून पाहिलं. उघडं गटार, बाहेर साचलेलं पाणी, आणि दिव्याभोवती एक चिलट नाही. भिंतीवर पाल नाही. अशा घरात मला डास चावावेत असं आयुष्यात प्रथमच वाटलं.

सकाळी दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे वास नाहीसा झाला होता. मी खूश झालो. तेवढ्यात शेजारी आलेला कुणी पाहुणा नाकाला रुमाल लावून तडक चालता झाला. म्हणजे वास जागेवर होता, माझं नाक गेलं होतं. दुसरी गोष्ट, माझी चुन्याची डबी. वडिलांची, शुद्ध चांदीची, खिशात घासून घासून लख्ख राहिलेली. संध्याकाळी ती खिडकीत विसरलो होतो. उचलली तर तव्याच्या बुडासारखी काळी.

खरं सांगतो, मी घाबरलो. ही डबी तरी माझ्या सोनाराकडची नव्हती.

मूर्ती पिशवीत घातली आणि सुजाताला घेऊन मी उल्हासनगरच्याच कॅम्प एकचा बाजार गाठला. इथे दुकानांना अंत नाही, आणि प्रत्येक पाटीवरचा माल तिथेच बनतो असं सांगतात. सराफ उघडायला अवकाश होता म्हणून कोपऱ्यावर दाल-पकवान (डाळीबरोबर खायची कडक, तळलेली पुरी) खाल्लं. झकास होतं. सुजाताने मात्र दोन घासांतच बशी सरकवली.

सिंधी सराफाने मूर्ती बुडाशी कसोटीवर घासली, ॲसिडचा थेंब टाकला, मान हलवली. "माल एकदम चोख आहे साईं. नाल्याच्या बाजूला राहता काय?"

मी हो म्हटलं.

"तिकडची सगळी चांदी पॉलिशला माझ्याकडेच येते. हवेत गॅस आहे ना. सोन्याला काय नाय होत, चांदी काली पडते."

"मग लोकांना सांगत नाही?"

"सांगतो की. सुनके क्या करेंगे? घर तो वहीं है."

पॉलिश करू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. पुरावा जसाच्या तसा घरी न्यायचा होता. पायऱ्या उतरताना सुजाता थांबली. हात पोटावर होता.

"मामा, चांदीचं असं होतं, मग आत काय होत असेल?"

मी अर्थशास्त्र शिकवतो. सांडपाणी शुद्ध करून सोडायला पैसे पडतात, तसंच सोडायला पडत नाहीत. मग माल करणारा खूश, घेणारा खूश, आणि त्या सौद्यात नसलेल्या तिसऱ्याच माणसाला भुर्दंड. त्याला बाह्य खर्च म्हणतात, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. तो खर्च काळवंडलेले पैंजण घालून समोर उभा राहील आणि मला मामा म्हणेल, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

घरी जाऊन मी अण्णांसमोर पावती ठेवली आणि सराफ काय म्हणाला ते सांगितलं. त्यांनी पावतीकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "मास्तर, उद्या बदलापूरला येता का माझ्याबरोबर?"

बदलापूर गाव स्टेशनपासून लांब, नदीपलीकडे. जुनी कौलारू घरं, पार, आणि गावाच्या कडेला एक नवी इमारत. अण्णांनी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन कोऱ्या खोल्या दाखवल्या. खिडकीतून हिरवा डोंगर दिसत होता आणि बारवी धरणाकडून वारा येत होता. मी पोटभर श्वास घेतला आणि मला चक्क खोकला आला.

"मला सगळं माहीत आहे मास्तर," अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "जन्म काढला केमिकलमध्ये. टँकर कुठं खाली होतात तेही माहीत आहे. पण ती खोली विकल्याशिवाय ही घेता येत नाही. रविवारी गिऱ्हाईक येतंय. गॅसचं नाव निघालं तर कोण घेणार? चांदी खोटी म्हटलं की पुढं कोणी विचारत नाय."

"म्हणून आमच्या तोंडाला काळं फासलंत?"

"फासलं," ते म्हणाले. "नंतर चारचौघांत मीच माफी मागेन. पण पोरीला सातवा लागायच्या आत इथं आणायचंय मला."

मी संतापलो होतो. पण त्या खिडकीतून हलायची इच्छा होत नव्हती, हेही तितकंच खरं.

रविवारी गिऱ्हाईक आलं. तरुण नवरा-बायको, बोलण्यावरून विदर्भाकडचे. कामासाठी नुकतेच इकडे आलेले, हसतमुख. त्याने टेपने खोल्या मोजल्या. नाल्याकाठी असून डास नाहीत, याचं त्याला फार कौतुक वाटलं. बायको फळीपाशी थांबली.

"ही मूर्ती अशी काळी कशी झाली हो?"

अण्णा भिंतीकडे बघू लागले. सासूबाई आत गेल्या. सुजाताने खोकला गिळला, तिचे डोळे पाण्याने भरले आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

"चांदी खोटी आहे," मी म्हणालो. "मीच दिली होती. सोनाराने फसवलं मला."

"अगंबाई!" ती कळवळून म्हणाली. "आजकाल कोणावर भरवसा ठेवायची सोयच नाही राहिली."

त्याच संध्याकाळी परतलो. बहिणीने दारातच विचारलं, "चांदी खरी होती ना रे?" मी खरी म्हटलं आणि ती जेवली. पुढे सगळं ठरल्यासारखं झालं. अण्णांनी शब्द पाळला, बदलापूरच्या घरात पाहुण्यांसमोर माझी हात जोडून माफी मागितली. सुजाताचा खोकला गेला. मुलगी झाली, गुटगुटीत. मूर्ती एकदा पॉलिश केली, ती अजून पांढरीशुभ्र आहे. बहिणीला वाटतं, मी जाऊन सगळं मार्गी लावलं.

मार्गी लागलंच. त्या बाईचं नाव मी विचारलं नव्हतं. खोली बघायला आली तेव्हा तिने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आणि माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं होतं. बोटांत चांदीची नवी जोडवी होती, लख्ख. ती पाहिल्यानंतरच मी बोललो.