यादीत नसलेले अडतीस फोन

आधीच सांगते, असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी आहे. आमच्या घरात बुवाबाजीविरुद्धची पत्रकं दोरीवर वाळत घातलेली असायची. बाबा ती जालन्याच्या मस्तगडातल्या एका लहानशा छापखान्यातून ओली असतानाच घेऊन यायचे, आणि मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवरच. त्यामुळे हे लिहिताना मला थोडी लाज वाटते आहे. पण जे घडलं ते लपवणं जास्त लाजिरवाणं होईल, म्हणून लिहिते.

वाटूर फाट्यावरून परतूरच्या रस्त्याला लागलं की थोडं आत आमचं गाव आहे. नाव देत नाही, कारण प्रकरण तालुक्याला अजून चालू आहे. गावाला लागून मोठं गायरान आहे. ते एका खाजगी गोदामाला द्यायचा ठराव ग्रामसभेत येणार होता. असे ठराव आमच्याकडे कसे पास होतात तेही सांगते. ग्रामसभेला शंभर माणसं लागतात. नोटीस पंचायतीच्या फळ्यावर, कपाटामागे लावायची. माणसं येत नाहीत, सभा तहकूब होते. तहकूब सभेला मग संख्येची अट नसते... दहा जण बसतात, सह्या करतात, आणि गाव विकलं जातं. सगळं कायदेशीर.

मी जालन्यात एका लहान कंपनीत प्रोग्रॅमिंग करते. बाबांनी पत्रकं वाटली, मी ठरवलं की फोन वाटायचे. यात जादू काही नाही. एक कंपनी आपल्याला भाड्याचा नंबर देते. आपण प्रोग्रॅमला नंबरांची यादी द्यायची आणि सांगायचं – यांना फोन लाव, उचलला की ही ध्वनिफीत वाजव, समोरच्याने एक दाबलं तर ‘येणार’ लिही, दोन दाबलं तर ‘नाही’. प्रत्येक फोनची नोंद कंपनीच्या पानावर उमटते. कुणाला लावला, किती वाजता, उचलला की नुसता वाजला. आपण सांगितल्याशिवाय एकही फोन जात नाही.

यादी माझा चुलतभाऊ संदीपने आणली. तो गावच्या दूध संकलन केंद्रावर बसतो, तिथल्या वहीत घरटी एक नंबर असतो.

“ताई, दोनशे अडुसष्ट घरं हायेत. सगळं गाव आलं यात,” तो म्हणाला.

मीही म्हणाले, हो, सगळं गाव आलं.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी आठ वाजता मी प्रोग्रॅम सुरू केला. ध्वनिफीत माझ्याच आवाजात, सगळ्यांना एकच – “नमस्कार. मी सुजाता, आपल्या गावची. उद्या सकाळी दहा वाजता ग्रामसभा आहे. गायरानाचा विषय आहे. येणार असाल तर एक दाबा.” त्यात कुणाचंही नाव नव्हतं. साडेआठपर्यंत सगळे फोन संपले आणि मी लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. माणसं येत होती. एरवी बारा-पंधरा डोकी दिसायची, आता पन्नास, साठ... मला भरून आलं. पण एकाहत्तरवर आकडा अडकला. ग्रामसेवक घड्याळाकडे बघायला लागले. उपसरपंच विलासराव खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “काय सुजाताबाई, तुमचं मशीन सह्या बी करतं का? एकोणतीस कमी पडून राहिल्यात.”

माणसं हसली. आमचीही हसली.

“थोडा वेळ थांबा,” मी म्हणाले.

“थांबलो की. टाइम बराबर झाला. घ्या हो भाऊसाहेब, तहकूब लिहा.”

ग्रामसेवकांनी पेन उघडलं. तेवढ्यात शाळेच्या फाटकातून वस्तीवरची माणसं आत आली. ओढ्यापलीकडे तीस-चाळीस घरांची वस्ती आहे. त्यांना जमिनी नाहीत, शेळ्या आहेत, आणि त्या शेळ्या चरतात ते हेच गायरान. पुढे कौसाबाई होती, सत्तरीची, हातात मोबाईल धरलेला. मागे बायका, बाप्ये, कडेवर पोरं. सतरंजी संपली होती म्हणून ती माणसं सरळ मातीत बसली. मोजली तर मतदार अडतीस भरले.

एकशे नऊ.

विलासरावांचं हसू गेलं. ठराव वाचला गेला. विरोधात हात वर करा म्हटल्यावर पहिला हात कौसाबाईचा, मग वस्तीचे सगळे, मग गावातल्यांचे. ज्यांनी मघाशी हसून घेतलं होतं त्यांचेसुद्धा. ठराव पडला. आमच्या गावात ग्रामसभेने नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. बाबा कडेला उभे होते, त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला.

संदीप धावत आला. “ताई, वस्तीलाबी फोन लावलेस आन् मला बोलली न्हाईस.”

“मी कुठे लावले? तूच लावले असशील.”

“माझ्याकडं त्यांचे नंबरच न्हाईत. शेळ्यांचं दूध कुठं घेतो आपण केंद्रावर?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि पाठोपाठ मान खाली गेली. गायरान वाचवायला निघालेल्या मला, पत्रकांवर वाढलेल्या मला, गायरानावर जगणारी माणसं यादीत नाहीत हे कळलंच नव्हतं. केंद्रावर दूध घालतो तो गावातला, ही आमची मोजणी. ‘सगळं गाव आलं’ असं मी स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं.

मी कौसाबाईपाशी गेले. “मावशी, सभेचं कुणी सांगितलं?”

“आता घ्या. तूच की. काल फोन आल्ता तुझा.”

“काय म्हणाले मी?”

“म्हणलीस, कौसाबाई, उद्या दहाला शाळेत ये, तुझ्या शेळ्यांचं गायरान चाललंय. एक दाब म्हणलीस, मंग दाबला एक. नातीनं दावला कुठंय एक ते.”

“माझाच आवाज होता?”

“मला काय बहिरी समजतीस?”

शेजारचा माणूस म्हणाला, “मला बी नावानंच बोलल्या, ताई. गणपत म्हणल्या. पहिल्यांदाच कुणी गावातून नावानं बोलावलं.”

विचारलं तर अडतीसच्या अडतीस जणांना असाच फोन आला होता. मी त्यांचे फोन पाहिले. सात-आठ जणांचे तरी पाहिले. प्रत्येकात आदल्या दिवशी सकाळी आठ ते साडेआठच्या मधला कॉल, आणि नंबर आमचाच, भाड्याचा. मी तिथेच कंपनीचं पान उघडलं. दोनशे अडुसष्ट फोन. एकही जास्त नाही. पैसेही तेवढ्याच फोनांचे कापलेले.

मग मी कौसाबाईचा नंबर माझ्या मोबाईलवरून लावून पाहिला. या क्रमांकावर इनकमिंग सेवा बंद आहे, अशी सूचना ऐकू आली.

“मावशी, रिचार्ज कधी केलाय?”

“दिवाळीला पोरगा आल्ता, त्यानं मारल्ता. आता संपला असंल.”

उन्हाळा लागला होता. संपून महिने झाले होते.

मी नंतर भाड्याचा नंबर देणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की आमच्या नंबरवरून दुसरे फोन गेलेले नाहीत. पासवर्ड माझ्याशिवाय कुणाकडे नव्हता. कुणी माझ्या आवाजाची नक्कल करून खोटे फोन लावले म्हणावं, तर वस्तीवरच्या अडतीस जणांची नावं आणि नंबर एकत्र कुणाकडे होते? आणि कौसाबाईच्या बंद सिमवर फोन लागला कसा? माझ्या कंपनीतले लोक दोन दिवस डोकं खाजवत होते. शेवटी एक जण म्हणाला, सोड ना, चांगलंच झालं. मला सोडता येत नाही.

पण त्या दिवशी पटांगणात लोक मला शाबासकी देत होते, तेव्हा गप्प बसणं सोपं होतं. मी बसले नाही. कौसाबाईच्या समोर मातीत बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “मावशी, मी तुम्हाला फोन केला नव्हता. यादीत तुमची नावंच नव्हती.”

तिने हातातल्या मोबाईलकडे एकदा बघितलं.

“मंग पुढच्या बारीला घाल,” ती म्हणाली, आणि पदर खोचून उठली. शेळ्या सोडायच्या होत्या.

त्याच दुपारी मी आणि संदीप ओढा ओलांडून गेलो. घरोघरी बसून नंबर घेतले, ज्यांच्याकडे फोन नाही त्यांची नुसती नावं. संध्याकाळ झाली. कुणी चहा पाजला, कुणी टोमणा मारला – “इतकी सालं कुठं होत्या?” टोमणा खरा होता, घेतला.

ते फोन कुणी लावले, मला माहीत नाही. माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते बनवून सांगणार नाही. पण ग्रामपंचायतीच्या हजेरीवहीत अडतीस सह्या आणि अंगठे आहेत. ते कुणाचे आहेत, हे मला आता एकेका नावानिशी सांगता येतं.