साडूंचं सहा पायांचं लेकरू

भिलाईत लोखंडाला आकार देणारी माणसं पायलीला पन्नास सापडतील, पण लोखंडाला चालायला शिकवणारा माणूस एकच, आणि तो दुर्दैवानं माझा साडू आहे. प्लांटच्या मेंटेनन्समधून रिटायर झालेले इतर लोक सकाळी फिरायला जातात, गुडघ्यांना तेल चोळतात. आमचे साडू मरोदा सेक्टरमधल्या घरी, हॉलच्या मधोमध बसून, सायकलच्या स्पोकचे सहा पाय असलेले यंत्रमानव करू लागले. यंत्रमानव हा त्यांचा शब्द. प्रत्यक्षात त्यातलं प्रत्येक यंत्र उताण्या झुरळासारखं दिसे, आणि बहुतेक वेळ तसंच पडलेलं असे. हथखोजच्या वर्कशॉपमधली पत्र्याची कातरण आणि सिविक सेंटरच्या दुकानांतून आणलेल्या छोट्या मोटारी, यांवर हा वंश वाढला. स्वतःचा मुलगा चालायला लागल्याचं मात्र यांना शेजाऱ्यांकडून कळलं होतं. तेव्हा सेकंड शिफ्ट होती.

पेन्सिल सेलवर चालणाऱ्या या जीवाचा स्क्रू काढण्याआधी साडू हेल्मेट चढवत, सेफ्टी शूज घालत, घराचा मेन स्विच पाडत आणि त्यावर लाल पाटी टांगत: ‘काम चालू आहे, हात लावू नये.’ यंत्राचा त्या स्विचशी काडीचा संबंध नसे. प्रश्न शिस्तीचा होता. एकदा पाटी टांगून ते जेवले आणि झोपून गेले. फ्रीजमधलं दूध नासलं.

“भाऊजी, सांगा न तुमच्या साडभाऊले,” मेहुणी मला कळवळून म्हणाली. “लाइन बंद, पंखा बंद, अन् हे हेल्मेट घालून घोरून राहिले!”

“पाटी ज्यानं लावली त्यानंच काढाव लागते,” साडू डोळे न उघडता म्हणाले. “रूल हाये.”

शेवटी तिनं अट घातली. मराठी मंडळाच्या गणपतीत यंत्र चारचौघांसमोर चाललं, तर हॉल साडूंचा. नाही तर सगळं कबाड मागच्या शेडमध्ये, कायमचं.

मंडळाचा सेक्रेटरी मी. त्यामुळे फॅन्सी ड्रेसनंतर आणि आभारप्रदर्शनाआधी, लोक चपला शोधत असतात ती मोक्याची वेळ मी साडूंना दिली. यंत्र पाठीवर मोदक घेऊन गणपतीपर्यंत जाणार होतं. आदल्या दिवशी साडू मला म्हणाले, “साडभाऊ, स्टेजवर सतरंजी नोका टाकू. पाय अटकते त्याचे. निस्ता प्लाय ठेवा.”

“हो हो,” मी म्हणालो.

मग पाहुणे म्हणून एक मोठे साहेब आले. साहेब उघड्या प्लायवर उभे राहणार? मंडळाची अब्रू ती काय राहिली! मीच पोरांना हाक मारून सतरंजी अंथरली. साडूंनी यंत्र खाली ठेवताना एकदा माझ्याकडे पाहिलं. मी माइक नीट करत होतो. पहिल्याच पावलाला स्पोक दोऱ्यात गुंतला, यंत्र जागच्या जागी गिरक्या घेऊ लागलं आणि मोदक साहेबांच्या बुटाशी जाऊन पडला.

“वाह, डान्स करता है!” साहेब म्हणाले. सभागृह हसलं. सगळ्यात मोठ्यानं मी.

त्याच आठवड्यात साडू शेडमध्ये गेले आणि हॉलमध्ये सोफा, गालिचा आला. पुढे कैक लग्नांत मी हा किस्सा रंगवून सांगितला. सतरंजी तेवढी गाळत गेलो.

परवा चहाला गेलो तेव्हा मेहुणी खिडकीतून शेडकडे पाहत म्हणाली, “इतके वर्षं झाले, एक बी नाही चालला. कावून करतात काय माहीत.”

तेव्हा मी सतरंजीचं सांगितलं. साडूंनी बजावलं होतं, हेही सांगितलं.

तिनं कप खाली ठेवला. “म्हणजे तो चालला असता?”

“चालला असता.”

ती उठली, गुडघ्यावर हात टेकत वाकली आणि गालिचा गुंडाळू लागली. सोफा सरकवायला मला लावलं. मग शेडच्या दिशेनं ओरडली, “अहो! आणा तुमचं ते, इकडं!”

ते चाललं. तिरपं, थरथरत, पण पार भिंतीपर्यंत, आणि आम्ही तिघं म्हातारे वाकून वाकून त्याच्या मागं. माफीचं एक चांगलं वाक्य माझ्या मनात कधीचं जुळून तयार होतं. ते म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात यंत्र भिंतीपाशी वळलं, आणि साडू माझा दंड धरून ओरडले, “बाजूले व्हा न साडभाऊ, तो येऊन राहिला!”