दौलतच्या नावापुढचा ‘पुरुष’

“नाव बदला. गॅझेटला देऊन टाका, विषय मिटेल,” आमचे साहेब म्हणाले.

समोर बसलेली मुलगी म्हणाली, “नाव बदलणार नाही. चूक तुमच्या ऑफिसची आहे.”

चूक खरं तर माझी होती. नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर माझी सगळी नोकरी गेली. बावीस वर्षांपूर्वी तिची नोंद मीच केली होती. बाळंतपण घरी झालेलं. वडिलांनी दिलेल्या फॉर्मवर लिंगाचा रकाना रिकामा होता आणि नाव होतं दौलत. आमच्या साताऱ्याकडं दौलत म्हणजे दौलतराव. मान वर न करता मी ‘पुरुष’ लिहून टाकलं. आजवर कुणाचं लक्ष गेलं नाही. आता सांगलीत नर्सच्या नोकरीसाठी महिलांच्या राखीव जागेवर तिची निवड झाली, आणि कागद तपासताना जन्मदाखला आडवा आला. दुरुस्त दाखल्याला मुदत दहा दिवस. नाहीतर जागा दुसरीला.

“मुलीला असलं नाव ठेवलं कुणी?” साहेबांनी विचारलं.

तिची आई बोलली. “आवं साहेब, आधीची दोन लेकरं जगली न्हाईत. मग हिला शेजारच्या जुबेदाभाभीच्या पदरात टाकली आन् पायलीभर जोंधळं दिऊन परत इकत घितली. तशी रीतच हाय. तवा नाव बी त्येंनीच ठेवायचं. त्येंनी आपल्या आईचं ठेवलं, दौलतबी.”

शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडं आलेला. मराठ्यांच्या घरात तो पुरुषांना मिळाला, मुसलमानांच्या घरात बायकांनाही. मधे एक भिंत. पलीकडचं मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

साहेबांनी मला केबिनमध्ये घेतलं. “चार महिन्यांत रिटायर होताय. चूक लेखी कबूल केलीत तर मला मेमो काढावा लागेल. त्यापेक्षा तिला नाव बदलू दे.”

“साहेब, उद्या ती दीपाली झाली तरी रजिस्टरात दीपाली पुरुषच राहील. मेमो काढा.”

मला राग आला होता, जास्त स्वतःचाच. जन्माच्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. मूळ नोंद तशीच ठेवून समासात दुरुस्ती लिहायची, खाली तारीख आणि सही. त्याला पुरावा लागतो. आरोग्य केंद्रातलं लसीकरणाचं जुनं रजिस्टर मी दोन दिवस बसून शोधलं. तिथल्या सिस्टरनं ‘स्त्री’ लिहिलं होतं, कारण तिनं बाळ बघितलं होतं. जुबेदाभाभी काठी टेकत आल्या, शपथपत्रावर अंगठा दिला आणि जाताना साहेबांना म्हणाल्या, “माज्या आईचं नाव हाय ते. त्याला हात लावायचा न्हाई.”

नवव्या दिवशी दौलतला दाखला मिळाला, मला मेमो. ती सांगलीला रुजू झाली.

उरलेले चार महिने मी रकाना रिकामा दिसला की फोन लावत होतो. एक बाप वैतागला. “साहेब, नावावरनं कळत न्हाई व्हय?”

“नाही कळत,” मी म्हणालो. “तुम्ही सांगा.”