अडकलेली तान

सुमे, इकडे ये, जवळ बस आणि आधी दोन शिव्या खा. फोनवर नुसतं "येतंय गो ताई, येतंय" म्हणतेस. आंबे झाले, गणपती झाले, आता म्हणे म्हैस व्यायची आहे. म्हशीला जाऊबाई नाहीत का बघायला? मी पडले ते तुला कळवलं नव्हतं, म्हणून आता लिहितेय. रडू नकोस, हाड मोडलं नाही. पण मी घाबरलेय गं. अजून घाबरलेलीच आहे.

लग्न होऊन कुडाळहून निघाले तो दिवस आठव. एसटी सुरू झाली तरी तू खिडकीचा गज सोडत नव्हतीस. बाबांनी बाईंची रेकॉर्ड आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवली. घाटात गाडी अशी आदळली की माझी पत्र्याची ट्रंक थेट तिच्यावर आली. मधल्या पदाला चरा पडला तो तिथेच.

बाई कोण, ते तुझ्या नातवंडांना सांग. संगीत नाटकात गायच्या, आणि आवाज असा की मांडवाचे बांबू थरथरावेत. देवळापुढच्या नाटकात ऐन पदाच्या मध्येच दिवे गेले, माइक मेला. तू बाबांच्या मांडीवर ढाराढूर. मी त्यांच्या दंडाला घट्ट धरून बसले. पण बाई थांबल्याच नाहीत. तसल्या काळोखात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज आला आणि एक माणूस जागचं उठलं नाही. बाबा कानात म्हणाले, "भियाव नको गो. बाई गातत मां!"

घाटकोपरच्या चाळीत तेच वाक्य मला पुरलं. नवरा ड्युटीवर गेला की मी रेकॉर्ड लावायची. चऱ्यावर सुई आली की तीच तान पुन्हा पुन्हा. मग गॅलरीतून जो कोणी जात असेल तो सरळ आत शिरून सुई पुढे ढकलायचा, "वहिनी, बाईंना दम लागला हां!" म्हणायचा आणि चालू पडायचा. कुणाचं दार लावलेलं नसायचंच.

आता ती चाळ पाडून तिथेच टॉवर उभा केलाय. आडवी चाळ उभी केली, झालं. मी अठराव्या मजल्यावर. नवरा गेला, मुलगा आणि सून सकाळी निघतात ते दिवेलागणीला येतात. मजल्यावर चार दारं, चारही बंद. वारा सुटला की खिडक्यांच्या फटीतून कोणी रडत असल्यासारखा आवाज येतो. लिफ्टमध्ये तर मी एकटी पाऊल टाकत नाही. मग काय, बाईंना लावायचं, मोठ्याने. तर समोरच्या नेहाचा ग्रुपवर मेसेज, "आजी, माझे घरून कॉल असतात, प्लीज आवाज कमी." मुलगाही चिडला, "आई, ही चाळ नाही." मी कमी केला. इतका कमी, की बाई शेजारच्या खोलीत आजारी पडल्यासारख्या वाटायच्या.

त्या दिवशी वारा फार होता. मी भ्यायले आणि मुद्दाम आवाज पूर्ण सोडला. पाय धुवायला बाथरूममध्ये गेले आणि सवयीने आतून कडी घातली. घरात चिटपाखरू नाही, तरी कडी! चाळीतल्या सामायिक संडासांनी लावलेली सवय. पाय सटकला. कंबर धरली, उठता येईना, कडीपर्यंत हात पोचेना. हाका मारल्या, तर आवाज टाइल्सवर आपटून माझ्याकडेच परत. आणि बाहेर सुई चऱ्यावर अडकली. तीच तान, तीच तान. सुमे, थंड लादीवर पडून मी कोणीतरी येऊन सुई ढकलायची वाट बघत होते. गॅलरी केव्हाच पाडलीय, हे कळत होतं, तरी बघत होते.

मग नेहाचाच आवाज. "आजी, टू मच हां! एकच लाइन कितीदा?" बाहेरचं दार मी नुसतं लोटलेलं, त्यावरून मुलाची रोज बोलणी खाते.

"नेहा, बाथरूममध्ये पडलेय गं!"

"अरे देवा! थांबा, आधी ते गाणं बंद करते."

"गाणं राहू दे, दार उघड!"

वॉचमनला बोलावून तिने कडी तोडली. मला पलंगावर बसवलं. मग स्वतःच जाऊन सुई पुढे ढकलली आणि म्हणाली, "यार आजी, काय आवाज आहे!"

बाथरूमला आता कडी नाही. हॉलमध्ये कॅमेरा आलाय, तो माझ्याकडे बघतो, बोलत काही नाही. मुलाने हौसेने तेच पद चरा काढून मोबाइलमध्ये भरून दिलंय. स्वच्छ, कुठे अडकत नाही. मी ते लावत नाही. तो म्हणतो, हट्टी आहेस. त्याला कसं सांगू? मी पुन्हा पडले तर ते शेवटपर्यंत नीट वाजेल आणि गप्प होईल. माझी चरा पडलेलीच बरी. ती अडकली की कोणीतरी येतं, आणि जिथे कोणी येतं ना, तेच माझं घर.

पण नेहा पुढच्या महिन्यात बंगळुरूला चाललीय.

तेव्हा म्हैस व्याली की नीघ गं, खरंच. मी दार लोटूनच ठेवते. बेल वाजवू नकोस, तिचा आवाज मला ओळखीचा नाही. लिफ्टमधून बाहेर पडलीस की "ताये!" म्हणून हाक मार. मोठ्याने मार. चारही दारं उघडली तरी चालतील.