माझा हुंकार आणि नातीचं कासव

नातीच्या वर्गातला तो मोठा स्मार्ट बोर्ड मला पहिल्यापासून डोळ्यांसमोर नको झालाय. सकाळी मुलं आली की त्यावर एक शिडी उमटते. घरी मोबाइलसमोर धडा मोठ्यानं वाचायचा, मोबाइल चांदण्या देणार, आणि ज्याला जास्त चांदण्या तो शिडीवर वर. कुणी चित्ता, कुणी हरीण. आमची दुसरीतली नात सगळ्यात खाली, कासव. म्हणे यानं पोरांना वाचनाची गोडी लागते! गोडी कसली डोंबलाची? पोर सकाळ झाली की पोटात दुखतंय म्हणून पांघरुणात शिरायला लागली.

बरं, वाचते तर छान! संध्याकाळी बाळकुमच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी भाजी निवडत बसते, ती मला टेकून वाचते, मध्ये मोबाइल. मग कासव कशी?

शाळेचा निरोप आला, सोमवारपासून तिला कच्च्या मुलांच्या गटात बसवणार. सुनेनं मोबाइलमधलं वाचन लावून ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"आई, अहो प्रत्येक वाक्याला 'हं, हं' काय करता?"

"मग हुंकार नको द्यायला? भिंतीला वाचून दाखवत्येय का ती?"

"मोबाइल तुमचा 'हं' तिच्या वाचनात धरतो. म्हणून सगळं चुकीचं धरून लाल येतंय!"

आमच्याकडे हुंकार आल्याशिवाय गोष्ट पुढे जातच नाही. माझी आई तर हुंकार थांबला की गोष्ट तिथेच सोडून भाकऱ्या थापायला उठायची. आणि या डबड्याला ऐकणारं माणूसच चालत नाही!

शनिवारी पालकांची सभा होती. सून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली, म्हणून नातीला घेऊन मीच गेले. बोर्डावर सगळ्यांदेखत ते कासव.

"आजी, वाचताना घरात शांतता ठेवत जा," लॅपटॉपमधून मान वर न काढता बाई म्हणाल्या.

"बाई, चूक माझ्या हुंकाराची आहे, तिची नाही. आत्ता ऐका की तिचं."

"मागे लाइन आहे, आजी."

"असू दे. लाइनलाही ऐकू दे."

"झालं, आजींचं कीर्तन सुरू!" मागून कुणाची तरी आई बोलली. मी वळून असं बघितलं की ती मोबाइलमध्येच शिरली.

नातीनं वाचायला घेतलं. पहिलं वाक्य स्वच्छ. थांबली, बाईंकडे बघितलं. बाई लॅपटॉपमध्ये. दुसरं वाक्य वाचलं, पुन्हा थांबली. मी ओठ घट्ट मिटून उभी.

"बघा, किती अडखळते," बाई म्हणाल्या.

नातीनं पुस्तक मिटलं. "टीचर, तुम्ही ऐकतच नाही आहात."

"हे शिकवता का घरी?" बाई माझ्यावर उसळल्या.

"हो, हेच," मी म्हटलं.

सोमवारी पोर कच्च्या गटात बसली.

आता सून तिला बेडरूममध्ये एकटीला दार लावून मोबाइलसमोर बसवते. मला तिकडे फिरकायची बंदी. चांदण्या धो धो येतात. गट सुटला, कासवाचं हरीण झालं, सुनेनं सोसायटीच्या ग्रुपवर फोटोही टाकला. पूर्वी धड्यातल्या कोल्ह्यानं असं का केलं म्हणून माझ्याशी भांडणारी पोर आता बाहेर येते आणि पुस्तक सोफ्यावर भिरकावते.

परवा मी विचारलं, "काय गं होतं आजच्या धड्यात?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "सगळ्या चांदण्या मिळाल्या."